धरणाशेजारची गिरणी

नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या वीजघरात 45 मेगावॉटचे दोन संच आहेत. म्हणून बरगीतल्या पिठाच्या गिरणीची वीज जात नाही असे मुळीच नाही. धरणाची वीज उच्चदाब वाहिन्यांनी राज्याच्या जाळ्यात निघून जाते. गिरणीला ती मिळते ती उपकेंद्र, 11 केव्हीची वाहिनी आणि गावातला डीपी असा वळसा घालून. पावसाळी वाऱ्यात त्या वाहिनीवर सागाची एक फांदी पडली, तरी गिरणी बंद पडते.

वीज पूर्ण जाते तेव्हा नुकसान वेळेचे होते. अर्धवट येते तेव्हा मोटारीचे. दाब उतरला की मोटार तेवढेच जाते फिरवायला जास्त प्रवाह ओढते. तीनपैकी एक फेज उडाला तर आधी घुमल्यासारखा आवाज येतो, मग वॉर्निशचा जळका वास, आणि वाइंडिंग जाते. फेज गेल्याबरोबर मोटार तोडणारे उपकरण एका रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडते, तरी ते सहसा मोटार जळल्यावरच बसते.

वीज गेली की पहिली आठवण जनरेटरची होते. छोटा संच लीटरभर डिझेलमध्ये साधारण तीन युनिट देतो. डिझेल 90 रुपये धरले तर युनिटला नुसते इंधनच 30 रुपयांचे. या भावाने दळण परवडत नाही. छपाई, झेरॉक्स, दुकानातले दिवे आणि वजनकाटा यांना इन्व्हर्टर पुरतो. दहा अश्वशक्तीच्या मोटारीला नाही.

तिथे वीज साठवण्याऐवजी काम साठवलेले बरे. रांगेतले डबे संध्याकाळपर्यंत थांबू शकतात. मसाला, डाळ, पोहे आधी तयार करून ठेवता येतात. जलाशयातल्या मासळीला लागणारा बर्फ तर गोठवून ठेवलेली वीजच. पेटीला थर्माकोलचा जाड थर असला की चार तासांचा खंड सहज निभावतो. शिवणयंत्र किंवा वेल्डिंगवाल्याला ही सोय कमी. गिऱ्हाईक समोर उभे असते.

दराचेही गणित वेळेकडे वळले आहे. केंद्राने 2023 मध्ये वीज नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपेक्षा जास्त मागणीच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2024 पासून वेळेनुसार दर ठरवायचा आहे: सौर तासांत नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी, गर्दीच्या तासांत किमान 1.2 पट. म्हणजे दळण दुपारी उरकणे फायद्याचे. छोट्या गिरणीची मागणी या मर्यादेखाली असू शकते, म्हणून बिलावरचा दरप्रकार आधी पाहावा. तिथेच मंजूर भार दिसतो. जुनी यंत्रे विकल्यावरही तो कमी करून न घेतल्यास स्थिर आकार तसाच भरावा लागतो. पॉवर फॅक्टर घसरला असेल तर अनेक ठिकाणी अधिभारही लागतो. मोटारीला बेताचा कपॅसिटर लावला की तो सुधारतो. उगाच मोठा लावणेही चांगले नाही.

छतावरच्या सौर पॅनेलचा एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देतो. बिल उतरते, पण बॅटरी नसलेला नेट मीटरचा संच जाळ्याची वीज गेली की स्वतःही बंद होतो. वाहिनीवर चढलेल्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. त्यामुळे भर दुपारी, छतावर ऊन असताना, गिरणी थांबलेली दिसू शकते.