कचरा आमच्या दारात, समितीत मात्र आम्ही नाही

"पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय. आपल्यापुढे शिक्षण आहे, नोकरी आहे, नाव ऐकून घर नाकारलं जातं हा प्रश्न आहे. झाडांचं नंतर बघू." कॉलेजच्या पर्यावरण गटात का जात नाही, असं मुस्लिम विद्यार्थ्यांना विचारलं की बहुतेक वेळा हेच ऐकू येतं. घरचे वडीलधारेही मान डोलावतात. उत्तर समंजस वाटतं, पण आपल्याच वस्त्यांचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

गोवंडी पाहा. 1927 पासून मुंबईचा कचरा देवनारच्या डंपिंगवर पडत आला. आता शहराचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो, पण देवनारच्या आसपासच्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर या वस्त्यांनी त्याच्या सावलीत पिढ्या काढल्या. यांतले बहुसंख्य लोक मुस्लिम आणि दलित. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाशी होता. जानेवारी 2016 च्या अखेरीस डंपिंगला आग लागली. धूर कित्येक दिवस हटला नाही, उपग्रहांनी काढलेल्या छायाचित्रांतही तो दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आता सांगा, 'आधी शिक्षण, मग पर्यावरण' हा क्रम तिथे कसा लावायचा? धुरामुळे शाळाच बंद असेल तर पहिला प्रश्न कोणता आणि दुसरा कोणता?

याच गोवंडीत शहरातल्या दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारा प्रकल्प 2009 पासून चालत होता. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले ते स्थानिक रहिवासी. 2023 मध्ये न्यायालयाने प्रकल्प दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात हलवण्याचा आदेश दिला. मोहल्ल्यातल्या लोकांनी चिकाटीने मिळवलेलं हे यश आहे. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रकल्प हलला तरी कचरा कमी होत नाही, दार बदलतं. आमच्या दारातून काढून दुसऱ्या कुणाच्या दारात टाकणं हा आपला न्याय असू शकत नाही. कचरा जिथे तयार होतो तिथेच प्रश्न विचारावा लागेल, आणि त्या जागांमध्ये आपली कॉलेजंही येतात.

कॉलेजांतल्या पर्यावरण गटांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. 5 जूनला रोपटं, पोस्टर स्पर्धा, प्राचार्यांसोबत फोटो, नॅकच्या फायलीत एक पान जास्त. अनेक ठिकाणी काम इथेच संपतं. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात. त्यातले किती तास कँटीनचा कचरा तोलण्यात जातात? 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना 'मोठे कचरा उत्पादक' ठरवलं. त्यात शिक्षणसंस्था आल्या, प्रार्थनास्थळंही आली. आपलं कॉलेज या व्याख्येत बसतं का, ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं का, हे प्रश्न रोपट्याहून कितीतरी अडचणीचे आहेत. म्हणूनच ते विचारले जात नाहीत. शिवाय काही मंडळींना पर्यावरण आठवतं ते फक्त बकरी ईदला. त्यावर आपण फटाक्यांचा आणि प्लास्टरच्या मूर्तींचा हिशेब काढतो. या उखाळ्यापाखाळ्यांनी ना हवा शुद्ध होते, ना नदी.

आता आपल्या घराकडे वळू. वुजूत पाणी वाया घालवू नका, वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी नको, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात मशिदीच्या हौदावर नळ सोडलेलेच असतात आणि ते जवळजवळ स्वच्छ पाणी थेट गटारात जातं. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर 2018 पासून बंदी आहे. रमजानच्या इफ्तारनंतर रस्त्यावर काय पडलेलं असतं ते पाहा. खुतब्यात निसर्ग ही अल्लाहची अमानत आहे असं सांगणं सोपं. विश्वस्तांच्या बैठकीत पाण्याचा आणि पत्रावळींचा मुद्दा मांडणं अवघड, कारण तिथे तरुणांना कुणी बोलावत नाही आणि बायकांना तर नाहीच. पहाटे उठून पाणी भरतात बाया, पाण्याचा निर्णय घेतात पुरुष. हे बदलल्याशिवाय पर्यावरणावरची कुठलीही प्रवचनं पोकळ आहेत.

आणि ज्ञान आपल्याकडे नाही असंही नाही. धारावीच्या तेरा कंपाऊंडमधला कारागीर प्लास्टिकचा तुकडा वाजवून, वास घेऊन त्याची जात सांगतो. भंगारवाले, कचरावेचक स्त्रिया, रद्दीवाले यांनी हे शहर बुडण्यापासून वाचवलं आहे. त्यांचा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला जाते तेव्हा मात्र वडिलांचा धंदा लपवावासा वाटतो. त्या मुलांनी कॉलेजच्या पर्यावरण गटात जाऊन हाच धंदा अभिमानाने शिकवावा. बाहेरून महागडा तज्ज्ञ कशाला बोलवायचा?

म्हणून विद्यार्थ्यांना माझं सांगणं सरळ आहे. वेगळा 'मुस्लिम पर्यावरण मंच' काढत बसू नका. आहे त्या गटात जा आणि तिथला अजेंडा बदला. एक तराजू आणि एक स्प्रेडशीट घ्या, महिनाभर कँटीनचा कचरा रोज तोला. महापालिकेकडे माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा: आपल्या वॉर्डातले मोठे कचरा उत्पादक कोण, आणि त्यांतल्या किती जणांवर कारवाई झाली? उत्तर द्यायला त्यांच्याकडे तीस दिवस आहेत. ते आकडे गटासमोर ठेवा, मग मोहल्ल्यात आणा, मशिदीच्या विश्वस्तांपुढेही ठेवा. गोवंडीच्या रहिवाशांनी कोर्टाची पायरी चढताना पर्यावरणशास्त्राची पदवी आहे का, असं कुणाला विचारलं नव्हतं. तुमच्या हातात तर पदवीही येणार आहे. समितीची पुढची बैठक कधी आहे, एवढं उद्याच विचारून या.