दहा व्होल्टांची राखण

भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र लासलगावात २००२ साली सुरू झाले. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची अगदी हलकी मात्रा कांद्याला दिली की त्याच्या पोटातला कोंब खुंटतो. पुढे २००७ मध्ये याच केंद्रात किमान ४०० ग्रे मात्रा दिलेला आंबा अमेरिकेला जाऊ लागला आणि ‘कृषक’चे नाव झाले ते आंब्यामुळे. कांद्याचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला, कारण किरणांनी कोंब थांबतो, पण मानेकडून लागणारी सड, काळी बुरशी आणि वजनातली घट थांबत नाही. साध्या चाळीत भरलेल्या उन्हाळ कांद्यापैकी ३० ते ४० टक्के माल दिवाळीपर्यंत हातचा जातो, हा आकडा आपण इतक्या वर्षांपासून ऐकतो आहोत की त्याचे काही वाटेनासे झाले आहे. ही उरलेली राखण हवेने करायची असते. पंख्याने किती हवा द्यायची आणि केव्हा द्यायची, हा हुकूम संगणकाकडून पंख्यापर्यंत पोचवते ते शून्य ते दहा व्होल्ट विद्युतदाब देणारे तळहाताएवढे मॉड्यूल. आपल्या योजना छपरावर, जाळीवर आणि सिमेंटच्या खांबांवर खर्च करतात. या शेवटच्या दुव्याची आणि तो नीट जोडून तपासण्याची त्यांना फिकीर नाही. नियंत्रित साठवणुकीचा पैसा वाया जात असेल तर तो इथे जातो, असे माझे म्हणणे आहे.

कांदा दोन तापमानांत टिकतो. एक तर शून्य ते दोन अंशांच्या शीतगृहात, नाही तर २५ ते ३० अंशांत. दोन्हीकडे आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी. मधल्या दहा ते वीस अंशांत कोंब सगळ्यात जोमाने येतात. शीतगृह महाग, म्हणून निफाड-येवल्याकडचा शेतकरी दुसरी वाट धरतो आणि पावसाळ्यात तिथेच फसतो. जुलैतल्या रात्री बाहेर २२ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की ‘हवा दमट आहे, पंखा बंद ठेवा’ असे कोणीही म्हणेल. पण तीच हवा २९ अंशांच्या ढिगात शिरून तापली की तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ती ढीग वाळवते. उलट, उघडीप पडलेल्या दुपारी २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा रात्रभर गार होऊन २४ अंशांवर आलेल्या ढिगात सोडली, तर कांद्यावर चक्क दव पडते. डोळ्यांना दिसणारा दमटपणा इथे फसवा आहे. आतले-बाहेरचे तापमान आणि आर्द्रता ताडून दर काही मिनिटांनी हिशेब करावा लागतो. हे माणसाने रात्रभर जागून करण्याचे काम नाही.

हिशेब संगणकाने केला, पण हाताशी नुसते चालू-बंद करणारे रिले असेल तर निम्मी मेहनत फुकट जाते. वरच्या उदाहरणातली रात्रीची हवा उपयोगी खरी, पण तीच पूर्ण वेगाने तासन्‌तास मारली तर ढीग वीस अंशांकडे उतरतो आणि कोंबांना आमंत्रण मिळते. शिवाय गरजेपेक्षा जास्त वारा लागला की पापुद्रा सुटतो, वजन घटते. इथे पंखा मंद, पण सतत फिरायला हवा. मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह हे करते आणि वेग किती, ते तिला मॉड्यूलकडून आलेल्या व्होल्टवरून कळते: पाच व्होल्ट म्हणजे २५ हर्ट्झ, आठ व्होल्ट म्हणजे ४०. विजेचे गणितही याच बाजूचे आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ८० टक्के वेगाला कागदावर निम्मीच वीज पुरते. विक्रेते मात्र भलत्याच गोष्टीवर जोर देतात. सोळा बिटांचे मॉड्यूल घ्या, म्हणतात. आठ बिटांत दहा व्होल्टांच्या २५५ पायऱ्या होतात, एक पायरी साधारण ३९ मिलिव्होल्टची. पंख्याच्या लेखी ती हर्ट्झचा पाचवा हिस्सा. कांद्याला त्याहून बारीक काही कळत नाही. तो पैसा चांगल्या सेन्सरवर घालावा.

खरी गोम जोडणीत आहे. मॉड्यूलची तार मोटरच्या जाड केबलशेजारून एकाच पाइपातून नेली की ड्राइव्हचा गोंगाट तिच्यात उतरतो आणि पंखा उगाच वरखाली होतो. ड्राइव्हवरचा जंपर व्होल्टऐवजी मिलिअँपियरवर राहिला, मॉड्यूलची आणि ड्राइव्हची सामाईक तार जोडायची राहिली, एकाच लाइनवरच्या दोन मॉड्यूलना एकच पत्ता दिला गेला, अशा चुका पडद्यावर दिसत नाहीत. पडद्यावर ‘पंखा ६० टक्के’ असेच झळकत राहते. म्हणून संगणकातून शून्य, पाच आणि दहा व्होल्टचे हुकूम देऊन ड्राइव्हच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने मोजायचे आणि ते आकडे वहीत लिहायचे. या कामाला अर्धा तास पुरे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, संगणक बंद पडला तर मॉड्यूलने काय करायचे? बहुतेक मॉड्यूलमध्ये हे आधी ठरवून ठेवता येते: शेवटचा व्होल्ट धरून ठेवायचा, शून्यावर यायचे की ठरावीक आकड्यावर जायचे. नुकत्याच भरलेल्या, अजून ओलसर मानेच्या ढिगाला पंखा थांबणे घातक. भरपावसात पंखा अडकून चालूच राहणे घातक. म्हणजे हे उत्तर हंगामागणिक बदलते आणि ते कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर सोडता येत नाही. विकिरण केंद्रात बिघाड झाला तर किरणांचा स्रोत संरक्षक कवचात परत गेलाच पाहिजे, याबद्दल कोणी वाद घालत नाही. त्याच गावातल्या चाळीसाठी तोच विचार करायला आपण मात्र विसरतो.

जाणकार तंत्रज्ञ म्हणतील की शून्य ते दहा व्होल्ट हा मुळात कच्चा सौदा आहे: तार तुटली तरी शून्य आणि ‘थांब’ म्हटले तरी शून्य. आक्षेप रास्त आहे. अंतर मोठे असेल तिथे चार ते वीस मिलिअँपियरचा संकेत घ्यावाच. पण चाळीच्या पन्नास-साठ फुटांत दोन ते दहा व्होल्टची मर्यादा बांधली तरी काम भागते. दोनच्या खाली संकेत गेला की बिघाड समजायचा. थ्री फेज वीज ठरावीक तासच येते, हे दुसरे दुखणे. ते खरे असल्यामुळेच वीज असते त्या तासांत हवा नेमकी वापरणे जास्त गरजेचे ठरते. शिवाय मॉड्यूल आणि छोटा संगणक लहानशा बॅटरीवर चालतात, त्यामुळे वीज परतली की हिशेब आधीच तयार असतो. तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे. कांदा सडण्याने शेतकरी जेवढा बुडत नाही तेवढा धोरणाने बुडतो, असे लासलगावच्या बाजार समितीत कोणीही सांगेल. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. शुल्क पूर्णपणे हटायला एप्रिल २०२५ उजाडला. हे कोणतेही मॉड्यूल बदलू शकत नाही. पण दिल्लीचा निर्णय फिरेपर्यंत माल धरून ठेवता येतो की नाही, हे चाळीतच ठरते. सडू लागलेला कांदा पडत्या भावात विकण्यावाचून इलाज नसतो.

साठवलेल्या मालाची खबर देणारे सेन्सर आता नाशिक जिल्ह्यातच तयार होतात; लासलगावच्या कल्याणी शिंदे यांनी ‘गोदाम इनोव्हेशन्स’ उभी केली ती कांदा सडू लागल्याचे लवकर कळावे म्हणून. कळण्यापुढची पायरी कृतीची आहे. पंचवीस टनांच्या चाळीला पावणेदोन लाख खर्च धरून निम्मे अनुदान, हे गणित वर्षानुवर्षे चालत होते, पण त्यात मोजली जात होती ती लांबी, रुंदी आणि उंची. नियंत्रित साठवणुकीला पैसा द्यायचा असेल तर अखेरचा हप्ता तीन बिंदूंच्या मोजणीचा कागद आणि बिघाडातल्या वागणुकीची नोंद पाहूनच सोडावा, आणि तो कागद मराठीत असावा. दुरुस्तीला पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबायचे कारण नाही. आयटीआयतल्या इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या मुलांना मल्टीमीटर धरता येतो, त्यांना चार दिवस ड्राइव्ह आणि मॉड्यूलवर बसवले की तालुक्याची गरज भागेल. ही तपासणी मार्चअखेर, चाळ रिकामी असतानाच व्हायला हवी. एकदा पंचवीस टन कांदा वर रचला की खालच्या हवेच्या मार्गात वारा खरोखर वाहतो आहे का, हे पाहायला कोणाचा हात पोचत नाही.