आधी चाळणी, मग वकील

आमच्या माणमध्ये हल्ली जमिनीशिवाय दुसरा विषय नाही. हिंजवडीचं आयटी पार्क शिवारात शिरलं आणि गुंठ्याचे भाव ऐकून भलेभले नात्यागोत्याला विसरले. परवा शेजारच्या वहिनी सांगत होत्या, त्यांची मावसबहीण तुरुंगात शिक्षा भोगतेय आणि इकडे तिच्या वाट्याची जमीन भावांनी परस्पर विकली. "ताई, आत बसलेल्या बाईनं दावा लावायचा तरी कसा?"

मी पुस्तकं काढून बसले. कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा करता येतो. पण आधी चौकशी. खरंच पैसे नाहीत ना? गेल्या दोन महिन्यांत लबाडीनं मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली नाही ना? दाव्याला कारण तरी आहे ना? नसेल तर अर्ज फेटाळला. बरं, हा अर्ज जातीनं कोर्टात द्यायचा. हजेरीतून सूट असेल तरच दुसऱ्याच्या हाती. आणि कोर्ट वकील नेमून देऊ शकतं, ते परवानगी मिळाल्यावर! म्हणजे अर्ज लिहिताना, जेव्हा वकिलाची खरी गरज, तेव्हा बाई एकटीच.

चाळणी नकोच, असं मी म्हणत नाही. खोट्या दाव्यांनी कोर्टं तुंबतात, हे खरंच आहे. अमेरिकेत १९९६ पासून कैद्यांचे सरकारविरुद्धचे दावे सुरुवातीलाच तपासतात आणि तीन दावे फालतू ठरले की पुढच्या वेळी, जिवाला धोका नसेल तर, फी आधी भरावी लागते. पण मोडक्यातोडक्या भाषेतला अर्ज म्हणजे फालतू अर्ज, असं कसं म्हणायचं?

आपल्याकडे तर याहून मोठं मन दाखवलेलं आहे. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला नुसतं पत्र लिहिलं. कोर्टानं तेच याचिका मानलं आणि १९८३ मध्ये महिला कोठडीवर महिला पोलीसच हवेत, असे आदेश दिले. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि कैद्याला, उत्पन्न न बघता, मोफत वकिलाचा हक्क दिला. वहिनींच्या बहिणीला तो दोनदा आहे म्हणायचा! तेव्हा कैद्याचा अर्ज फेटाळण्याआधी हा वकील तिला भेटलाच पाहिजे, एवढी सक्ती करायला काय हरकत आहे?

कारण वेळ थांबत नाही. मुदतीच्या कायद्यात अज्ञान मुलाला, वेड्या माणसाला सवलत आहे, कैद्याला नाही. खोटा दस्त रद्द करून घ्यायचा तर तो कळल्यापासून तीन वर्षं.

वहिनींना मी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे द्यायचा अर्ज लिहून दिला. कागद घडी घालून पदराला बांधत त्यांनी विचारलं, "सातबारा जोडायचा का? त्यावरनं तर तिचं नाव कधीच गेलंय."