यंत्रमानव धावतो, पण वागतो कोण?

(बी.ए. तृतीय वर्ष)

कला शाखेच्या मुलाने यंत्रमानवावर लिहावे, हे पाहून आमचे विज्ञान शाखेचे मित्र हसतील. खुशाल हसोत. यंत्र कसे चालते ते मला कळत नाही. पण स्पर्धेत माणूस कसा वागतो, एवढे पाहायला भौतिकशास्त्र लागत नाही.

पोहरादेवीजवळच्या आमच्या तांड्यावरचा माझा चुलतभाऊ आठवीत आहे. गेल्या हिवाळ्यात तो शाळेच्या संघातून शहरातल्या एका स्पर्धेला गेला; सोबतीला मी. काळ्या रेघेवरून आपोआप चालणारी गाडी त्यांनी केली होती. पाळी यायला दहा मिनिटे उरली आणि मोटारीची तार तुटली. शेजारच्या टेबलावरच्या संघातील एका मुलीने न मागता सोल्डरिंग आयर्न पुढे केले. तोच त्यांच्या मार्गदर्शकांनी ते काढून घेतले. "आपण इथे जिंकायला आलो आहोत," म्हणाले. मुलीची मान खाली गेली. आमची गाडी जागची हलली नाही. परतताना एस.टी.त भाऊ गाडीविषयी चकार शब्द बोलला नाही. एवढेच विचारले, "तिला नंतर रागावले असतील का?"

तेव्हापासून मला वाटते की, असल्या स्पर्धा मूल्ये शिकवतात हे भाषणात ठीक आहे. शिकवते ती नियमावली, आणि ती लिहिणारा माणूस. अमेरिकेत डीन कामेन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. तिच्या मोठ्या स्पर्धेत काही संघांची युती करून खेळवतात. सकाळचा प्रतिस्पर्धी दुपारी आपला जोडीदार होतो. मग त्याची तार तुटलेली कोणाला परवडेल? तिथला सर्वांत मोठा मानही मैदान मारणाऱ्याला नसून आपल्या गावात विज्ञानाची गोडी लावणाऱ्या संघाला असतो. प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी या वृत्तीला एक भारदस्त इंग्रजी नाव दिले. आमची आजी त्याला 'खानदानी वागणे' म्हणेल.

आणि नियम परक्यांचेच हवेत असेही नाही. आशिया-पॅसिफिकची 'रोबोकॉन' २००८ साली पुण्यात भरली, तेव्हा विषयच होता 'गोविंदा'! टांगलेल्या मडक्यांतले लोणी यंत्रांनी काढायचे. (लोणी चीनच्या पोरांनी पळवले, ती गोष्ट निराळी.) दहीहंडी चालते, तर आमची लदेणी का चालू नये? बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून आमच्या पूर्वजांनी मुलूख तुडवला. यंत्राने खडबडीत वाटेवरून मिठाच्या पुड्या न्याव्यात, आणि वाटेत अडकलेल्या दुसऱ्याच्या यंत्राला ओलांडून पुढे गेल्यास गुण कापावेत, असा खेळ का नसावा?

पैशाचे काय, असे कोणी विचारील. विचारावेच. २०१६ पासून निवडक शाळांना 'अटल टिंकरिंग लॅब'साठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. पण ज्या पोराचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि त्यालाही सोबत नेतात, त्याच्यासाठी प्रयोगशाळा दोन कोटींची असली तरी कुलूपबंदच. म्हणून माझे म्हणणे, आमची स्पर्धा हिवाळ्यात नको. पाडव्याच्या सुमारास तोडणीची माणसे परततात, रामनवमीला सारा समाज पोहरादेवीला लोटतो. जत्रा ओसरली की त्याच आठवड्यात ती भरवावी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेले नंगाऱ्याच्या आकाराचे संग्रहालय इथे उभे आहेच. त्यात पूर्वजांची लदेणी पाहून पोरांनी बाहेर आपली चालवावी. तयार संच विकत आणायला बंदी. सायकलची चाके, जुन्या पंख्याची मोटार, बांबू चालेल.

यंत्रे विज्ञान शाखेने करावीत. नियमावली आम्ही लिहू. गद्य लिहायला तीन वर्षे शिकलो ते कशासाठी? पहिले पान मी घेतले आहे. पहिला नियम भावाने सांगितला: सोल्डरिंग आयर्न कोणत्याही संघाचे नाही, ते मधल्या टेबलावर राहील.