वायरीपाशी अडलेला तास

प्रोजेक्टर छताला टांगला की वर्ग डिजिटल झाला, असं आपण धरून चालतो. गाडी अडते ती वायरीपाशी. परवा एका खेड्यातल्या शाळेत मुलं खिडक्या लावून अंधारात ताटकळली होती. लॅपटॉप नवा, त्याला एचडीएमआय. प्रोजेक्टर जुना, त्याला १९८७ पासून चालत आलेलं पंधरा पिनांचं निळं व्हीजीए. इथे नुसत्या जोडाने भागत नाही, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा कन्व्हर्टरच लागतो. शिवाय व्हीजीएतून आवाज जातच नाही, स्पीकरची वायर वेगळी. हे खरेदीच्या यादीत का नसतं? अखेर बाईंनी घरून कन्व्हर्टर मागवला, विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ निवडलं. भिंतीवर धडधडतं हृदय उमटलं, आणि मागच्या बाकावरची पोरं उभीच राहिली.