दुखावलेलं कोपर चोळू नका

कारखान्यात तेलकट फरशीवर पाय घसरतो, नाहीतर अंजूरफाट्याच्या खड्ड्यात दुचाकी आडवी होते. पडताना माणूस हात टेकतो आणि सगळा भार कोपरावर येतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, मुरगळलंय, गरम तेलानं चोळा. भिवंडीकरांनो, हात जोडून सांगतो, चोळू नका. दुखावलेलं कोपर चोळलं की सांध्याभोवतीच्या स्नायूंत नको तिथे हाड धरू शकतं. मग मोडलेलं हाड जुळलं तरी हात वाकत नाही. त्याच दिवशी एक्स-रे काढा. गावात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे कळवा आहे, सायन आहे.

मूल पडलं असेल तर एक रात्रही काढू नका. मुलांचं हाड बहुतेकदा कोपराच्या थोडं वर मोडतं आणि पंजाला रक्त नेणारी धमनी तिथूनच जाते. बोटं गार, पांढरी पडली किंवा बोट हलकेच सरळ करताच मूल किंचाळलं, तर बांधलेली पट्टी आधी सैल करा आणि तसेच रुग्णालय गाठा. घट्ट बांधलेल्या फळ्यांखाली स्नायू काही तासांत मरतात, पंजा जन्माचा आखडतो. वेळेत पोचलात तर बहुतेक वेळा चीर न देता हाड बसवून बाहेरून दोन-तीन तारा घालतात. साधारण तीन-चार आठवड्यांनी त्या निघतात.

मोठ्यांचं ऑपरेशन कुठलं हाड कसं मोडलंय त्यावर ठरतं. आपण टेबलावर टेकतो ते कोपराचं टोक तुटून सरकलं, तर दंडाच्या मागचा स्नायू तो तुकडा वर ओढून धरतो. तिथे तार किंवा प्लेट लागते. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या डोक्याला नुसती चीर असेल, तर हात थोडे दिवस झोळीत ठेवून लवकर हलवायला लावतात, ऑपरेशन लागत नाही. तुकडे मोठे असले तर स्क्रू घालतात, अगदी चुरा झाला तर धातूचं डोकं बसवतात. दंडाचं खालचं टोक फुटलं, तर बहुधा दोन प्लेट लागतात.

सांधा बदलता येतो, पण तो मुख्यतः हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कांसाठी. त्या हातानं पुढे जन्मभर चार-पाच किलोंवर वजन उचलायचं नसतं. काल्हेर, दापोड्याच्या गोदामात पोती उचलणाऱ्या चाळिशीतल्या माणसाचं त्यावर कसं भागणार? म्हणून डॉक्टरांना आधी आपलं काम सांगा, आणि या ऑपरेशननंतर ते जमेल का हे स्पष्ट विचारा.

जुनी दुखापत आखडली असेल तरी आशा सोडू नका. आतले चिकटे सोडवून, वाढलेलं हाड काढून सांधा मोकळा करता येतो. रोजच्या कामाला हात साधारण ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत वाकला तर पुरतो. धोट्यातली कांडी बदलताना तो पुढे जायला हवा आणि भाकरीचा घास घेताना तोंडापर्यंत यायला हवा. एवढं जमत असेल तर पुन्हा चाकूखाली जाण्याआधी दोनदा विचार करा. करंगळीला मुंग्या येत असतील तर तेही सांगा. कोपर आपटलं की झिणझिण्या आणणारी ती नस ऑपरेशनआधी तपासून घ्यायलाच हवी.

पैशांपायी थांबू नका. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. दुखापत कामावर झाली असेल तर शेठकडून तशी नोंद करून घ्या. कामावरच्या दुखापतीची भरपाई कायद्यानं १९२३पासून मान्य केली आहे, ती मागायला लाजू नका.

आणि टाके सुकले की हात गळ्यात अडकवून बसू नका. कोपराइतका चटकन आखडणारा सांधा क्वचितच दुसरा असेल. डॉक्टरांनी मोकळीक दिली की दिवसातून चार-पाच वेळा, स्वतःच्याच ताकदीनं, थोडं दुखेपर्यंत वाकवा आणि सरळ करा. घरच्यांना हात धरून ओढू देऊ नका. पहिले काही दिवस घास तोंडापर्यंत पोचणार नाही, मान खाली न्यावी लागेल. तरी जेवा त्याच हातानं.