सातबारा नाही, म्हणून हरकतही नाही?

अन्न, शेती, पाणी आणि हवा यांविषयी सरकार जेव्हा एखादा नियम करू पाहते, किंवा एखाद्या खाणीस, कारखान्यास, धरणास परवानगी देऊ पाहते, तेव्हा निर्णयापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन अनेक बाबतींत कायद्याने त्याच्यावर घातले आहे. राजपत्रात मसुदा निघतो, 'हरकती व सूचना' मागविल्या जातात, मुदत ठरते. प्रकल्प असेल तर गावाजवळ मंडप घालून जनसुनावणी होते. ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ऐकून ठाऊक आहे. परंतु आपल्यापैकी कितीजणांनी आजवर अशी एक तरी हरकत लिहून दिली, असे विचारले तर माना खाली जातील. कारण विचारावे तर बहुधा एकच उत्तर मिळते : "आमच्या नावावर सातबारा नाही. आमचे तेथे काय काम?"

बंधुभगिनींनो, ह्या उत्तराचा आज विचार करावयाचा आहे. ते वरकरणी नम्रतेचे दिसते. पण त्याच्या मुळाशी जुन्या गावगाड्याची सवय आहे. गावातल्या माणसांना चावडीवर बोलावून आणण्याचे काम एकेकाळी आपल्या पूर्वजांच्या माथी वतन म्हणून मारले होते. बोलावणारे आपण, बसून बोलणारे दुसरे, आणि ठरलेले निमूट सोसणारे पुन्हा आपणच! ते वतन कायद्याने गेले. मनातले वतन मात्र अद्याप पुरते गेलेले नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हे उत्तर साफ चुकीचे आहे.

प्रथम कायदा पाहू. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या असल्या, तरी जनसुनावणीचा पाया तीच आहे. सुनावणी कोणासाठी, तर 'स्थानिक बाधित व्यक्तीं'साठी, असे तिच्यात म्हटले आहे. खातेदारांसाठी, असे म्हटलेले नाही. ज्याच्या विहिरीत घाण पाणी उतरणार तो बाधित, ज्याच्या पोराच्या छातीत धूळ जाणार तो बाधित, ज्या बाईची निंदणी-खुरपणीची मजुरी बुडणार तीही बाधित. मंडपात हजर असलेल्या प्रत्येक माणसास प्रकल्पाविषयी माहिती व खुलासा मागण्याची संधी दिलीच पाहिजे, अशी तरतूद आहे. कोरमची अट नाही. दहाजण आले काय आणि हजार आले काय, म्हणणे नोंदलेच पाहिजे.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा तर ह्याहून स्पष्ट बोलतो. 'बाधित कुटुंब' कोणते हे सांगताना त्याने जमिनीचा मालक तर धरलाच आहे. पण ज्याच्या नावावर तसूभर जमीन नाही, मात्र जो संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात शेतमजूर, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून पोट भरीत होता आणि ज्याची रोजीरोटी ह्या संपादनाने जाते, त्याचेही कुटुंब त्याने बाधितांत घातले आहे. म्हणजे ज्या कागदाच्या अभावी आपण स्वतःस परके समजतो, तो कागद कायदा मागतच नाही. आपण मात्र कायद्याने न घातलेली अट स्वतःवर घालून घरी बसतो.

आता कोणी म्हणेल, बियाण्याचे, औषधांचे, खाद्यपदार्थांचे नियम हा शास्त्रज्ञांचा आणि बागायतदारांचा विषय. मजुराने त्यात काय बोलावे? त्यास आम्ही यवतमाळची आठवण देऊ. २०१७ च्या खरीप हंगामात त्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन पुरुषभर वाढलेल्या कपाशीत शिरतो तो मजूर. औषधाची मात्रा दुसरा ठरवतो, बाटली तिसरा विकतो, आणि श्वास मात्र हा घेतो! पुढे मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला आणि त्यावर हरकती मागविल्या. २०२३ साली अंतिम आदेश निघाला तेव्हा सरसकट बंदी आली ती मोजक्याच औषधांवर. ह्या मधल्या तीन वर्षांत उद्योगाकडे वकील होते, तक्ते होते, तज्ज्ञ होते. फवारणी करणाऱ्यांकडे स्वतःच्या शरीराचा पुरावा होता. तो पुरावा किती पत्रांतून दिल्लीस पोचला, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीपुरते स्वतःस विचारून पाहावे. हातमोजे कोणी दिले नाहीत, बाटलीवरचे बारीक अक्षर वाचता आले नाही, उलट्या सुरू झाल्यावर दवाखाना किती कोसांवर होता, हे सांगण्यास शास्त्राची पदवी लागत नाही. किंबहुना पदवीधरास हे ठाऊकच नसते.

सामान्यांचे बोलणे वाया जाते, असेही नव्हे. जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलेल्या बीटी वांग्यास ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखविला. परंतु तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लगेच परवानगी न देता जानेवारी आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सभा घेऊन लोकमत ऐकले. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर, चंडीगड, आणि त्यांत आपले नागपूरही होते. शास्त्रज्ञ बोलले, शेतकरी बोलले, बाजूने बोलले, विरुद्धही बोलले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. तो निर्णय योग्य की अयोग्य ह्याविषयी मतभेद असू शकतात आणि आहेत. आमचा मुद्दा एवढाच, की तज्ज्ञांनी संमती दिलेला प्रश्नही लोकांपुढे आला तेव्हा पुन्हा तपासला गेला.

दुसरे उदाहरण ओडिशातील नियमगिरीचे. तेथील डोंगरातून बॉक्साइट काढण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने तो वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. बारा लहान लहान वस्त्यांच्या सभा भरल्या. डोंगरिया कोंध आणि त्यांचे शेजारी आपापल्या बोलीत बोलले आणि बाराही सभांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने परवानगी नाकारली. एका बलाढ्य कंपनीपुढे बारा पाडे टिकले, कारण त्यांचे म्हणणे ठराव होऊन कागदावर आले होते.

येथे वाचकांस फसव्या आशेवर ठेवणे आम्हांस मंजूर नाही. नियमगिरीत ग्रामसभेच्या मागे वनहक्क कायद्याचे बळ होते. पर्यावरणविषयक जनसुनावणीस तेवढे बळ नाही. सगळा गाव 'नको' म्हणाला तरी सरकार परवानगी देऊ शकते. काही प्रकारच्या प्रकल्पांना तर सुनावणीतून सूटच आहे. मग बोलून काय उपयोग? उपयोग हा, की नोंदलेल्या हरकतीस उत्तर द्यावे लागते. गोव्यातील एका खाणीच्या प्रकरणात, उत्कर्ष मंडळ विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात, दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले, की सुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे आणि त्या का स्वीकारल्या वा का फेटाळल्या ह्याची कारणे कागदावर दिसली पाहिजेत. तेव्हा कोर्टात जाण्याची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच निघतो : त्या वेळी तुम्ही काय म्हणालात, आणि ते कोठे नोंदले आहे? ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी उभ्या राहणाऱ्या वकिलाचे हात बांधलेले असतात. आणि गप्प बसणाऱ्याची गणना प्रकल्पाला संमती देणाऱ्यांत करण्यास समोरचा पक्ष एका पायावर तयार असतो.

भाषेची अडचणही खरी आहे. मार्च २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणविषयक नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. त्यात सुनावणीच्या नोटिशीची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणण्याचे योजिले होते. ज्याचे गावच बदलून जाणार, त्याला तो मसुदा त्याच्या भाषेत वाचावयासही मिळत नव्हता. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली आणि आठव्या परिशिष्टातील भाषांत मसुद्याचे भाषांतर करण्याचा आदेश दिला. सरकारने त्यावर पुढे वाद घातला. देशभरातून लाखो पत्रे गेली आणि तो मसुदा त्या रूपात कायदा झाला नाही. तात्पर्य, मराठीत लिहिण्यास संकोच नको. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत मिळणे हा तर चालू अधिसूचनेप्रमाणे तुमचा हक्कच आहे.

हा मार्ग आपणांस नवीनही नाही. १९२५ साली चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे बाबासाहेबांनी लेखी निवेदन देऊन साक्ष दिली. अस्पृश्याचा चलनाशी काय संबंध, असे त्यांनी मानले नाही. १९२८ साली सायमन कमिशनवर बहिष्काराची लाट असताना त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन सादर केले आणि पुण्यास साक्ष दिली. जेथे आपल्या भवितव्याचा निर्णय होतो तेथे आपला कागद असलाच पाहिजे, ही त्यांची रीत होती. तिचे अनुकरण प्रतिमेस हार घालण्याहून कठीण आहे. पण घराघरातून करता येण्याजोगे आहे.

ते कसे करावे, हे थोडक्यात सांगतो. सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात द्यावी लागते. जेथे वृत्तपत्र पोचत नाही तेथे दवंडीसारख्या मार्गाने लोकांस कळविले पाहिजे. दवंडी गावात फिरली आणि तुमच्या वस्तीत आली नाही, तर हीच पहिली लेखी तक्रार. अहवाल व त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहण्यास ठेवलेला असतो. वस्तीतील शिकल्या मुलामुलींपैकी दोघांनी जाऊन तो वाचावा आणि रात्री विहारात सर्वांस समजावून द्यावा.

हरकत साध्या मराठीत लिहावी. नाव, गाव, धंदा, तेथे किती वर्षे राहतो, कोणत्या गोष्टीने कोणते नुकसान होईल आणि काय मागणे आहे, एवढे पुरे. मागणे विरोधाचेच असले पाहिजे असे नाही. प्रकल्प हवा असेल तर कामावर कोणास घेणार, बुडालेल्या मजुरीचे काय, पिण्याच्या पाण्याची हमी कोण देणार, अशा अटी घालाव्यात. एकाच छापील मजकुरावर शंभर सह्या करण्यापेक्षा दहाजणांची दहा निराळी पत्रे अधिक मोलाची. स्त्रियांनी स्वतःच्या नावाने लिहावे. चुलीचा धूर आणि हंड्याचे अंतर पुरुषास तितके ठाऊक नसते. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्यावी. दोन प्रती कराव्यात. एक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावी आणि दुसरीवर शिक्क्यानिशी पोच घ्यावी.

ज्याच्या शेतावर उद्या कामाला जावयाचे, त्याच्या देखत मंडपात उभे राहून बोलणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच एकट्याने जाऊ नये, वस्तीने मिळून जावे. ज्यास बोलणे अशक्य वाटते त्याने लेखी द्यावे. हजेरीच्या कागदावर नाव आले की नाही हे पाहावे. सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखविलेच पाहिजे आणि त्यावर त्याच दिवशी सही झाली पाहिजे. ते वाचल्याशिवाय मंडप सोडू नये. आपले म्हणणे गाळले असेल तर तेथेच सांगावे आणि त्याच दिवशी मंडळास लिहून द्यावे. इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकाराने मागता येते. परवानगी मिळाल्यावर दाद मागावयाची असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर फार तर आणखी साठ दिवस मिळतात. आपल्या भागासाठी त्याचे पीठ पुण्यास आहे.

धर्मांतराने आपण कोणापुढे वाकावयाचे नाही हे ठरविले. ताठ उभे राहिलेल्या माणसाने गावाच्या पाण्याविषयी, अन्नाविषयी आणि हवेविषयी तोंड उघडले नाही, तर त्या उभे राहण्यास पुरा अर्थ येत नाही. तेव्हा पुढील वेळी नोटीस लागेल त्या दिवशी सातबारा शोधीत बसू नका. कागद घ्या, आपले नाव लिहा, आणि मुदत संपण्यापूर्वी हरकत देऊन पोच घेऊन या.